प्रवरेच्या काठाने : आपल्या जिल्ह्यातील एक अभ्यासप्रवास

भूगोलाच्या तासाला दक्षिण अमेरिकेचा नकाशा भिंतीवर टांगला की, वर्गातील हुशार मुलगा पेरू देश, त्याची राजधानी लिमा व अँडीज पर्वताची रांग काठीने बिनचूक दाखवितो. परंतु त्याच मुलास आपली प्रवरा नदी कोठे उगम पावते, कोणकोणत्या गावांवरून वाहते व कोठे गोदावरीस मिळते, असे विचारले तर तो खाली पाहू लागतो. हा दोष त्या मुलाचा नव्हे. दूरचे तेवढे पाहण्याजोगे आणि जवळचे ते नित्याचे, अशी समजूत आपण वडील माणसांनीच त्याला करून दिली आहे.

ज्या जिल्ह्यास आपण पिढ्यान् पिढ्या अहमदनगर किंवा नुसते 'नगर' म्हणत आलो व ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर असे झाले, तो क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. त्याचा विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर आहे. एवढा मुलूख एका सुटीत पाहून होणार नाही. म्हणून या लेखात आम्ही एकच नदी धरून चालणार आहोत. प्रवरेच्या उगमापासून संगमापर्यंतची पाहण्याजोगी स्थळे, तेथील लोकांच्या चालीरीती आणि प्रवासास निघणाऱ्याने ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी अनुक्रमे सांगण्याचा विचार आहे. वाटेत एक प्रश्नही आपण बरोबर घेऊ. तो असा की, हे पाणी कोणाचे?

नदीची ओळख

प्रवरा ही सह्याद्रीच्या पूर्व अंगास, अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे दोनशे किलोमीटर पूर्वेस वाहत जाऊन नेवासे तालुक्यात टोके व प्रवरासंगम या गावांपाशी गोदावरीस मिळते. वाटेत आढळा व म्हाळुंगी या नद्या तिला मिळतात. हरिश्चंद्रगडाकडून निघालेली व राहुरीवरून येणारी मुळा ही तिची सर्वांत मोठी उपनदी. आरंभापासून शेवटापर्यंत ही नदी आपल्याच जिल्ह्याची आहे. म्हणून तिचा अभ्यास म्हणजे जिल्ह्याचाच अभ्यास होय.

आता पुन्हा पेरू देशाकडे पाहा. तेथे पूर्वेकडून येणारे बाष्पयुक्त वारे अँडीजच्या पूर्व उतारावर पाऊस पाडतात व तेथे घनदाट अरण्य माजते. पश्चिमेस मात्र पर्वताची आडकाठी व थंड समुद्रप्रवाह यांमुळे किनाऱ्यावर वाळवंट पसरले आहे. लिमा शहरी पाऊस जवळजवळ पडतच नाही. तेथील शेती व वस्ती डोंगरावरून उतरणाऱ्या लहान लहान नद्यांच्या आधाराने जगते. हाच पाठ आपल्या जिल्ह्यात दिशा पालटून लिहिलेला आहे. आपले वारे पश्चिमेकडून येतात, सह्याद्रीस अडतात आणि घाटघरसारख्या माथ्यावरील गावी वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस ओततात. तेथून पूर्वेस नगर शहरापर्यंत यावे तो पावसाचे मान पाचसहाशे मिलिमीटरवर येते. जिल्हा एक, आकाश एक, आणि अंतर फार तर एका दिवसाच्या प्रवासाचे! परंतु एका टोकास छत्री मोडून जाते आणि दुसऱ्या टोकास मृगाच्या ढगाकडे शेतकरी डोळे लावून बसतो. या दोन टोकांना जोडणारा दोरा म्हणजे प्रवरा.

उगमाचा प्रदेश

प्रवासास आरंभ रतनवाडीहून करावा. येथील अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर व त्याजवळची पायऱ्यांची पुष्करणी शिल्पकलेच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावी. खांबांवरील नक्षीकाम नीट पाहावयाचे तर सकाळची वेळ उत्तम. मंदिराच्या मागे रतनगड उभा आहे. त्याच्या माथ्यावर खडकास आरपार पडलेले मोठे भोक आहे. त्यास लोक 'नेढे' म्हणतात. सुईच्या नेढ्यासारखे दिसते म्हणून हे नाव. तेथे वाऱ्याचा जोर इतका असतो की, टोपी हाती धरून ठेवावी लागते.

जवळच साम्रद गावापाशी सांधण दरी आहे. दोन उंच कड्यांमधील ही चिंचोळी भेग पाहून निसर्गाच्या शक्तीपुढे मनुष्य मुकाट होतो. उत्तरेस बारी गावाहून कळसूबाईच्या शिखरावर वाट जाते. १,६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. अवघड जागी लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. धडधाकट मुलांस वर पोहोचावयास सुमारे तीन तास लागतात. शिखरावर कळसूबाई देवीचे लहानसे मंदिर आहे व नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते.

या डोंगरांच्या कुशीत भंडारदऱ्याचे धरण आहे. १९१० साली काम सुरू होऊन ते १९२६ साली पुरे झाले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून भिंतीस विल्सन धरण असे नाव पडले; मागील जलाशयास आर्थर सरोवर म्हणतात. भिंत चुन्यात बांधलेल्या दगडांची असून तिची उंची सुमारे २७० फूट आहे. बांधले गेले त्या काळी भारतातील अत्यंत उंच धरणांत त्याची गणना होती. त्यात सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी मावते. पावसाळ्यात भिंतीतून सोडलेले पाणी खडकावर आदळून छत्रीच्या आकाराने पसरते. त्यास 'अंब्रेला धबधबा' म्हणतात. तेथून थोड्या अंतरावर रंधा येथे संपूर्ण नदीच खोल घळीत उडी घेते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने घाटघरही पाहावे. येथे दोन जलाशय आहेत, एक सह्याद्रीच्या माथ्यावर आणि दुसरा खाली कोकणच्या अंगास. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवितात. मागणी वाढली की, तेच पाणी खाली सोडून त्यावर २५० मेगावॅटपर्यंत वीज निर्माण करतात. पाण्याच्या रूपाने शक्ती साठवून ठेवण्याची ही युक्ती पुस्तकात चार वेळा वाचण्यापेक्षा एकदा पाहिल्याने अधिक समजते.

डोंगरातील लोक

स्थळे पाहिली आणि माणसे पाहिली नाहीत तर प्रवास अर्धाच झाला. या खोऱ्यात मुख्यत्वे महादेव कोळी व ठाकर या जमातींची वस्ती आहे. भात, नागली व वरई ही त्यांची पिके. हिरड्यासारखा रानमेवा गोळा करणे हा जोडधंदा. नागलीची काळसर भाकरी, मिरचीचा ठेचा आणि आळणी न लागणारा पण तेलाने न थबथबलेला रानभाजीचा घास, असे जेवण येथील घरात पाहुण्यास मिळते. हा ठेचा खाताना विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आठवावी. मिरची व भुईमूग ही दोन्ही पिके मूळची आपली नव्हेत, ती अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आली. ज्यावाचून आपले ताट सुने वाटते, तेही एकदा परदेशी पाहुणे होऊनच आले होते!

डोंगरपट्ट्यात बोहाड्याचा उत्सव होतो. त्यात देवदेवतांचे व राक्षसांचे रंगविलेले मुखवटे घालून, वाद्यांच्या तालावर रात्रभर सोंगे नाचवितात. एकेक सोंग नाचविण्याचा मान ठराविक घराण्याकडे वंशपरंपरेने असतो. ठाकरांचे कांबडनाच हेही प्रसिद्ध आहेत. अशा प्रसंगी प्रेक्षकाने तमासगीर होऊन हसू नये. त्यांच्या दृष्टीने ते खेळ नसून पूजन आहे. आपली श्रद्धा निराळी असली तरी दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळी मनुष्य आवाज खाली आणतो, एवढे सौजन्य पुरे.

या लोकांस मागासलेले म्हणण्याची नगरवासीयांस सवय आहे. त्यांनी दोन नावे ध्यानात ठेवावी. देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रज सरकार व नाडणारे सावकार यांच्याविरुद्ध बंड उभारले, आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. दुसरे नाव आपल्या काळातील आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही. परंतु नाहीशी होऊ लागलेली भात, वाल, भाजीपाला यांची गावरान बियाणी त्यांनी घरोघर हिंडून गोळा केली, आपल्या घरी बियाण्यांची बँक उभी केली व २०२० सालच्या पद्मश्री पुरस्कारास त्या पात्र झाल्या. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणतात. ज्ञान केवळ पदवीच्या कागदावर राहत नाही, याची यापरते दुसरी साक्ष नको.

आणि येथेच आपला प्रश्न प्रथम पुढे येतो. धरण बांधले तेव्हा त्याच्या पोटात डोंगरवासीयांची भातखाचरे गेली. पाणी मात्र खाली सपाटीच्या प्रदेशास गेले. जेथे पावसाने रान बुडून जाते, तेथल्याच उंचावरील वाड्यांतील स्त्रिया चैत्र-वैशाखात हंडा घेऊन झऱ्याच्या शोधात चढउतार करतात. सरोवराचे निळे पाणी त्यांना दिसते, पण ते खोल खाली असते. काठावर उभे राहून 'काय रमणीय देखावा!' असे उद्गार काढणाऱ्या प्रवाशाने ही दुसरी बाजूही पाहून ठेवावी.

कालव्यांचा प्रदेश

अकोले गावी प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम म्हणून मानलेले स्थान आहे व महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. त्याच्या वरच्या अंगास निळवंडे येथे दुसरे मोठे धरण झाले आहे. या धरणाची कथा शिकण्याजोगी आहे. संगमनेर, राहाता इत्यादी तालुक्यांतील कोरडवाहू गावांना पाणी मिळावे म्हणून १९७० च्या सुमारास योजना ठरली. आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. मधल्या पन्नास वर्षांत जे मूल जन्मले ते आजोबा होण्याच्या वयास आले. कालव्यात पाणी आले तेव्हा गावोगावी लोकांनी त्याची पूजा का केली, हे या हिशेबावरून समजते.

पुढे प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावर संगमनेर वसले आहे. शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) येथलेच. त्यांच्या फटक्यांनी लोकांस व्यवहाराचे शहाणपण शिकविले. गावात जुने वाडे व नदीकाठची देवळे आहेत. बाजारही मोठा. प्रवासात लागणारे सामान येथेच घ्यावे.

संगमनेरच्या खाली ओझर येथे नदीस बंधारा घालून डावा व उजवा असे दोन कालवे काढले आहेत. येथून देखावा पालटतो. दोन्ही अंगांस उसाचे मळे, गुऱ्हाळांचा व कारखान्यांचा धूर, आणि हंगामात उसाने लादलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची रांग! लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील या शेतकऱ्याने अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने सहकारी साखर कारखाना उभारला व १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. तत्पूर्वी साखरेचे कारखाने खाजगी कंपन्यांचे होते. शेतकरी ऊस पिकवी आणि नफा दुसरा नेई. शेकडो लहान शेतकऱ्यांनी आपापला भाग घालून कारखान्याचे धनी व्हावे, ही कल्पना येथे यशस्वी झाली आणि तिचे अनुकरण साऱ्या महाराष्ट्राने केले.

तथापि चित्रास सावलीही असते. जेथे पाणी बेसुमार दिले तेथे जमिनीत पाणी साठून ती चोपण झाली. वर पांढरे मीठ दिसू लागले व पीक येईनासे झाले. शिवाय ऊस तोडण्यास येणारी कुटुंबे पाथर्डी, शेवगाव, बीड अशा अवर्षणाच्या भागातून आपल्या मुलांबाळांसह येतात व कोप्यांत सहा महिने काढतात. त्या मुलांच्या शाळेचे काय होते, हा प्रश्न उसाच्या मळ्याचे छायाचित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःस विचारावा.

श्रीरामपूरजवळ हरेगाव आहे. तेथे सप्टेंबर महिन्यात पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास मतमाउलीची यात्रा भरते. कॅथलिक मंडळीबरोबरच हिंदू बांधवही मोठ्या संख्येने येतात, आणि मराठमोळ्या यात्रेतील सर्व थाट येथे दिसतो. आम्ही स्वतः प्रॉटेस्टंट परंपरेतील असल्याने आमची उपासनेची रीत निराळी आहे. परंतु ख्रिस्ती श्रद्धा या मातीत कशी रुजली, हे समजून घेण्यास ही यात्रा पाहण्यासारखी आहे यात शंका नाही.

दायमाबाद, नेवासे व प्रवरासंगम

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाचे पांढरीचे टेकाड आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल नावाच्या गृहस्थास तेथे झाडाचे मूळ खणताना चार भरीव धातूच्या मूर्ती सापडल्या. त्या म्हणजे दोन बैलांचा रथ व तो हाकणारा मनुष्य, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्या असे अनेक विद्वान मानतात, कित्येकांचा मात्र या काळनिर्णयास आक्षेप आहे. मूर्ती आता मोठ्या संग्रहालयांत असल्याने जागेवर टेकाडावाचून काही दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उत्खननात घरांच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली लहान मुले आढळली. तशीच ती नेवाशासही सापडली. आईबापांनी आपले गेलेले मूल घराबाहेर दूर न नेता पायांखालच्या मातीतच जवळ ठेवले. चार हजार वर्षे लोटली तरी ते दुःख ओळखू यावयास भाषांतर लागत नाही.

नेवाशाचे नाव मराठी वाचणाऱ्या कोणास ठाऊक नाही? शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी येथेच गीतेवरील आपली टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली असे परंपरा मानते. ज्या दगडी खांबास टेकून ते बसत, तो 'पैस'चा खांब आजही दाखविला जातो. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना समाजाने वाळीत टाकले, त्यांनीच संस्कृतात कोंडलेले ज्ञान लोकभाषेत आणले, ही गोष्ट ख्रिस्ती विद्यार्थ्यानेही आदराने ऐकावी. कविवर्य नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत गाइली, ती या संतांनी तयार केलेल्या मराठीतच. टिळक कुटुंबाचे वास्तव्य मुळेच्या काठी राहुरीसही होते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात त्या दिवसांची हकीकत वाचावयास मिळते. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशास उत्खनन केले व अश्मयुगापासूनच्या मानवी वस्तीचे पुरावे उजेडात आणले.

नेवाशास मोहिनीराजाचे देऊळ आहे. समुद्रमंथनानंतर मोहिनीने देवांच्या पंगतीस अमृत येथे वाटले. राहू चोरून पंगतीत बसला म्हणून त्याचे शिर उडविले गेले, आणि त्याच्याच नावावरून राहुरी, अशी लोककथा सांगतात. प्रवरेस 'अमृतवाहिनी' म्हणतात तेही या कथेला धरूनच. कथेची ऐतिहासिक परीक्षा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु पाण्याला अमृत मानणाऱ्या लोकांनी 'वाटणी' हाच कथेचा गाभा केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कोणी पंगतीत बसावे व कोणी बसू नये?

आपल्या मंडळीतील बहुतेक कुटुंबांनी या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून शिकलेले नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरास काम सुरू केले व पुढे वडाळ्यासारख्या खेड्यांत केंद्रे उघडली. त्यांच्या शाळांत आलेली कित्येक मुले गावकुसाबाहेरच्या वस्तीतील होती. त्यांच्या आईबापांस भर उन्हाळ्यातही गावच्या विहिरीवर पोहरा टाकण्याची मुभा नव्हती. वरून कोणी ओतील तेवढे ओंजळीत घ्यावयाचे. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते याच अन्यायाविरुद्ध. आणि शुभवर्तमानात प्रभू येशू दुपारच्या वेळी विहिरीपाशी थकून बसतो तेव्हा ज्या शोमरोनी स्त्रीच्या हातचे पाणी त्याच्या लोकांस चालत नसे, तिच्याजवळच तो पाणी मागतो. देणारा होऊन नव्हे तर मागणारा प्रवासी होऊन त्याने ती भिंत ओलांडली. प्रवास करणाऱ्यास यापेक्षा उत्तम कित्ता दुसरा नाही.

शेवटी प्रवरासंगम. नगरहून छत्रपती संभाजीनगरास जाणाऱ्या हमरस्त्यावरच हे स्थान आहे. टोके येथील सिद्धेश्वराचे अठराव्या शतकातील मंदिर व नदीचा घाट पाहण्याजोगा आहे. पलीकडच्या तीरावर मराठवाडा सुरू होतो. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाचा फुगवटा येथवर येतो. टंचाईच्या वर्षी आमच्या जिल्ह्याने वरचे पाणी खाली जायकवाडीस सोडावे की नाही, यावरून मोठे वाद झाले. २००५ सालच्या जलसंपत्ती नियमन कायद्याने वरच्यांनी व खालच्यांनी टंचाई सारखी वाटून घ्यावी असे तत्त्व घालून दिले. येथे गंमत पाहा. भंडारदऱ्याच्या माणसापुढे आपण 'खालचे' असतो व पाणी मागतो. पैठणच्या माणसापुढे आपण 'वरचे' होतो आणि तेच पाणी आपले म्हणतो. नदीकाठाने शेवटपर्यंत चालून गेलेल्यासच हे दिसते. आपल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एवढेच सापडले : ते पाणी वरून आपल्याकडे येते व आपल्याकडून पुढे जाते, मधल्या वेळेपुरते आपण त्याचे कारभारी आहो.

प्रवाशांस सूचना

१. काळ. धबधबे पाहावयाचे तर श्रावणाच्या सुमारास उगमाकडे जावे. गड व शिखरे चढावयास दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ उत्तम. सपाटीवरील स्थळे हिवाळ्यातच पाहावी. तेव्हा हुरडाही मिळतो.

२. वाहन. महाराष्ट्रातील एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहूनच पुण्यास निघाली, हा आपला अभिमान होय. नगर, संगमनेर, अकोले, राजूर या क्रमाने एस. टी. ने उगमाकडे जाता येते. आगगाडीने येणाऱ्यांनी भंडारदऱ्यासाठी इगतपुरी वा घोटी आणि दायमाबाद-हरेगावसाठी श्रीरामपूरचे स्थानक धरावे. आडगावच्या परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी.

३. दिवस. घाई न करता पाहावयाचे तर चार दिवस लागतात : दोन डोंगरात, एक अकोले ते लोणीपर्यंत, एक नेवासे व प्रवरासंगम येथे.

४. सुरक्षितता. रंध्याच्या घळीजवळ कठड्याबाहेर पाऊल टाकू नये. शेवाळलेल्या खडकावरून तोल गेल्यास वाचविणारा कोणी नसतो. सांधण दरीत पावसाळ्यात उतरू नये. कळसूबाईच्या शिड्यांवर ढकलाढकली नको. धरणात किंवा अनोळखी डोहात पोहू नये. गडावर जाताना गावातील वाटाड्या घ्यावा व त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

५. काजवे. वैशाखअखेर ते मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत भंडारदरा परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. काजवा तो प्रकाश आपली जोडी शोधण्यासाठी दाखवितो. मोटारीचे दिवे, विजेऱ्या व मोबाईलचा झोत यांनी त्याचा संदेश पुसला जातो. म्हणून गाडी दूर ठेवावी, दिवे मालवावे, गोंगाट करू नये व फांदी हलवू नये. हा प्रदेश १९८६ सालापासून अभयारण्य आहे. तेथील नियम पाळावे.

६. केरकचरा. प्लास्टिकची जी पिशवी वा बाटली वर न्याल ती खाली परत आणा. उगमापाशी टाकलेला कचरा नेवाशापर्यंत सर्वांच्या वाट्यास येतो.

७. देवस्थाने. जोडे बाहेर काढावे, छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. ज्या विधीत आपला विश्वास नाही त्यात भाग न घेता विनयाने बाजूस उभे राहता येते. वाद मात्र घालू नये.

८. घरगुती पाहुणचार. जेवण शक्यतो गावातील घरी सांगावे, म्हणजे पैसा गावात राहील. वडील स्त्रियांस 'आजी', 'मावशी', पुरुषांस 'बाबा', 'दादा' म्हणावे. वस्ती कोणतीही असो, कोणास एकेरी हाक मारू नये. पाणी कोणाच्या घरचे हे न विचारता घ्यावे व लागेल तेवढेच ओतून घ्यावे. पेल्यात पाणी टाकून उठणे हा डोंगरात मोठा अपराध होय.

पालकांस एक विनंती. अशा सहलींस मुलांप्रमाणे मुलींसही पाठवावे. हंडा घेऊन चालणाऱ्या बाईचे श्रम मुलींनी पाहिले तर त्या ओळखतील, आणि मुलांनी पाहिले तर कदाचित वाटून घेतील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. घाटघर व नगर येथील पावसाच्या मानात इतका फरक का पडतो? पेरू देशाच्या उदाहरणाशी तुलना करा.

२. आपल्या घरी येणारे पाणी कोणत्या नदीचे, कोणत्या धरणातून व किती दूरवरून येते, हे वडील माणसांस विचारून नकाशा काढा.

३. आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी गावात पाणी कोण कोठून भरी, आणि कोणास कोठे मनाई होती? त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

४. टंचाईच्या वर्षी वरच्या व खालच्या गावांनी पाणी कसे वाटावे? दोन्ही बाजूंनी दहा-दहा ओळी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मराठी शिक्षकांकडे आणून द्यावी. त्यांची एक वही करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याचा आमचा मानस आहे.